गोमेदाच्या खाणीतला ठेका

फिरत्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर पुन्हा तेच उमटले : जीवनचिन्ह शून्य.

काल सकाळी सह्याद्रीच्या पायथ्याशी गोमेदाच्या खाणीवर अख्खी दरड कोसळली होती. नऊ जण आत. डॉ. वैजयंती नाटेकरांनी ढिगाऱ्यावर चाळीस कंपशोधक रोवले होते, आणि त्या कंपांतून जिवंत माणसाची चाहूल गाळून काढणारी, त्यांनीच घडवलेली 'प्राणचाळणी' सांगत होती की खाली कोणी उरलेले नाही.

"तीन वाजता शोध थांबवतो," बचावप्रमुख सबनीस म्हणाले. "डोंगर अजून सरकतोय. माझीही माणसं गाडून घेऊ का?"

दारात रुक्मिण घाडी उभी होती. तिचा नवरा आत होता.

"सायेब, यंत्राक इचारून मी लगीन करूक नाय. त्याका इचारून विधवा पण होवचंय नाय."

वैजयंतीबाईंना ते लागले. खाणीचे इंजिनिअर फर्नांडिस पुढे झाले. "बाई, ही चाळणी टाकून काय देते?"

"नियमित कंप. घाबरलेला माणूस कसाही ठोकतो, यंत्र लयीत ठोकतं. म्हणून लयीतलं सगळं वगळायचं."

"मग आज काय वगळलं?"

त्यांनी यादी उघडली. पाण्याचा पंप, एक. चालू.

फर्नांडिस पडद्याकडे बघतच राहिले. "वीज कालच तोडली. पंप कसला चालतोय?"

"आत आमचा भजनी मंडळ आसा," रुक्मिण म्हणाली. "नऊच्या नऊ. भियाले तरी ते आरडूचे नाय, ठेको धरतले."

वैजयंतीबाईंनी चाळणीला भीतीचे हजारो नमुने शिकवले होते. कीर्तनाला मात्र तिला कोणी नेले नव्हते.

"त्यांच्यापर्यंत भोक पाडायला ठोकवेधन यंत्र लावा," त्या म्हणाल्या. "डोंगर आला तर माझ्या नावावर घाला."

सबनीसांनी हात झटकले, पण अडवले नाही. सेकंदाला एक घाव घालत यंत्र खडकात शिरू लागले. चाळणीला आता एवढेच सांगितले होते : या घावांचे कंप तेवढे वगळ, बाकी सगळे दाखव. खालचे ठोके पडद्यावर स्पष्ट दिसत होते. बारा मीटर. पंधरा. एकोणिसाव्या मीटरला पडदा कोरा झाला.

"संपलं," सबनीस हळूच म्हणाले. "थांबवा आता."

वैजयंतीबाई खुर्चीत मागे टेकल्या. आपणच खडक त्या नऊ जणांवर पाडला की काय?

रुक्मिण पदर खोचून यंत्राचे घाव ऐकत होती. तिची मान त्या तालावर हलत होती.

"थांबवाच," ती म्हणाली, "पण घडीभर. तुमच्या मशिनीचो ठेको त्यांनी उचललो आसतलो. साथ करतत ते."

घावांशी तंतोतंत जुळलेले ठोके चाळणी घावांसकटच वगळणार. वैजयंतीबाई ताडकन उठल्या. "वेधन बंद."

ढिगाऱ्यावर एकदम सामसूम झाली. पडद्यावर एक टिंब उमटले. मग दुसरे, तिसरे; बरोबर सेकंदाच्या अंतराने, आणि मग जरा चढत्या लयीत.

सबनीसांनी टोपी काढली.

"आता चालू करा," रुक्मिण म्हणाली. "त्यांका मधीच सोडू नकात."