शेवटचे चार थेंब

काकडीच्या पांढऱ्या ताटलीच्या कडेला तेलाचा एक थेंब राहिला होता. रंग फिकट पिवळा. काकडीवर घालायचं भाजलेल्या तिळाचं तेल कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. अन्न निरीक्षक बाईंनी तो थेंब कापसावर टिपला, हुंगला आणि कापूस बाटलीत बंद केला.

दुपारी याच टेबलावर चार मैत्रिणी जेवायला बसल्या होत्या. सहा लहान ताटल्या, सगळ्यांनी वाटून खायच्या. आपल्याला शेंगदाणा चालत नाही, हे एकीने आधीच बजावलं होतं. तरी काही मिनिटांत तिचा घसा सुजला. आता ती इस्पितळात होती. जीव वाचला होता.

"वाटून खाताना असं होतं," मुख्य आचारी म्हणाला. "शेजारणीचा चमचा लागला असेल."

"काकडीची ताटली पहिली आली. तेव्हा टेबलावर दुसरं काहीच नव्हतं," निरीक्षक बाई म्हणाल्या.

आचाऱ्याने हाताखालच्या स्वयंपाकीणबाईंकडे बोट केलं. "मग ह्यांचंच काम. बाटल्या ह्याच भरतात. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय मी."

स्वयंपाकीणबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात मातीच्या दोन काळ्या बाटल्या होत्या. एकीत तिळाचं तेल, दुसरीत शेंगदाण्याचं. दिसायला जुळ्या बहिणी.

"चिठ्ठ्या का नाहीत?"

"नाक कशाला दिलंय?" आचारी म्हणाला. "हुंगायचं आणि ओतायचं. चिठ्ठ्या वाचणारे माझ्याकडे टिकत नाहीत."

त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कढईतला लसूण करपत होता. निरीक्षक बाईंना ठसका लागला. आचाऱ्याची मुलगी बाहेरून धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"बाबा, निदान मागे तरी बघा!"

"शेवटी तेल कोण घालतं?" निरीक्षक बाईंनी तिला विचारलं.

"बाबाच. ताटली बाहेर जाताना चार थेंब. शेवटचा हात त्यांचा, दुसऱ्या कुणाचा नाही."

"आणि चव?"

मुलगी अडखळली. "हल्ली... मी बघते."

निरीक्षक बाईंनी कोपऱ्यात जाऊन दोन वाट्या भरून आणल्या. "डोळे मिटा. तीळ कुठल्या वाटीत?"

आचारी बराच वेळ वाकून होता. "डावी."

मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन्ही वाट्यांत पाणी होतं.

"बाटल्या भरण्यात चूक नव्हती," निरीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. "कुठल्या बाटलीत काय आहे, हे इथे हुंगूनच ठरतं. ते तुम्हाला जमत नाही. कधीपासून?"

"तापानंतर. आठ महिने."

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," स्वयंपाकीणबाई पुटपुटल्या. "दादांनीच मला शिकवलं. चारचौघांत त्यांचं उणं कसं काढू? तिळाची बाटली मी त्यांच्या उजव्या हाताला ठेवायचे. आज मासळी उतरवून घ्यायला मागच्या दारी गेले, आणि इकडे कुणीतरी ओटा पुसताना बाटल्यांची अदलाबदल केली."

आचाऱ्याने उजवीकडच्या बाटलीकडे पाहिलं. "रोज ठेवायचात?"

"रोज."

त्याला वर बघवेना. आठ महिने रोज सकाळी एक वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि तो ते गिळायचा.

"मला वास येत नाही," तो फरशीकडे बघत म्हणाला. "उद्या या, बाई. शेवटचा हात आता तुमचा."