धुराची उपमा

"धूर! धूर निंगाला वं माय!"

जयवंताची आरोळी ऐकून पद्माबाईंच्या हातातला खडू गळून पडला. हिंगणघाटच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये दुपारच्या सुट्टीत त्या कामगार बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या. अक्षरं घोटून झाली की मूळची मराठीची मास्तरीण गप्प कशी बसेल? ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय, ज्याच्याशी जुळवायचं ते उपमान, एवढं सांगून त्या विचारायच्या, "बोला, रुई कशासारखी?" बायका लाजत लाजत अशा उपमा द्यायच्या की बाईंना पाठ्यपुस्तक फिकं वाटायचं.

जयवंता आज वर्गात नव्हती. नुकतंच रांगायला लागलेलं पोर घेऊन ती दोन नंबरच्या गोदामासमोर निंबाखाली पाजत बसली होती.

कुलूप उघडून आग विझवेपर्यंत कापसाची एक अख्खी गंजी जळाली. दाराच्या आत बीडीचं थोटूक सापडलं. उद्या मालाची तपासणी होती आणि आज ही राख. मॅनेजर बंडोपंतांचं डोकं फिरलं.

"चोराच्या उलट्या बोंबा! हिनंच दाराखालून बीडी टाकली आणि हीच ओरडली," म्हणत त्यांनी जयवंताला वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं. फाटक बंद केलं. पोलीस येईपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही.

सन एकोणऐंशीचा मार्च, वर तापलेले पत्रे आणि हवेत जळक्या सरकीचा वास. पद्माबाईही अडकल्या. पण त्यांचा जीव कासावीस झाला तो पोराच्या रडण्यानं. म्हातारी मनकर्णाबाई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती.

"साहेब, लेकरू भुकेलं आहे. निदान पाजू तरी द्या तिला."

"दार उघडलं की पळेल ती. आता काय ते वर्ध्याच्या तुरुंगात."

बाई काट्याच्या खोलीमागे गेल्या. हातभर खिडकीच्या गजांना जयवंता चिकटून उभी होती.

"मी बीडी पेत नाई, बाई. लेकराची आन."

"माझा विश्वास आहे. तू काय पाहिलंस?"

"धूर."

"कसा होता?"

"पांढरा. दाराखालून आला. वर नाई गेला, भुईनंच येऊन राह्यला. लेकरू पोट घाशीत रांगते ना, तसा."

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"मले कोन इचारते? साहेबानं तं धरलं अन् कोंडलं."

बाहेर पोर पुन्हा किंचाळलं. जयवंतानं डोळे मिटून घेतले आणि कपाळ गजांवर टेकवलं.

बाईंनी मग एकेकाला गाठलं. फिटर ओमप्रकाश म्हणाला, "काय सांगू बाईजी, होळी पेटली होती. काला धूर, सीधा आसमानात." मनकर्णाबाई म्हणाली, "रावन जळते जनू. उभाच्या उभा काया धूर." बंडोपंतांनीही काळा लोटच पाहिला होता. सगळे आरोळीनंतर धावलेले, सगळ्यांचा धूर एकच.

फौजदार जळक्या गोदामात आले आणि त्यांच्या मागोमाग गोदामकीपर श्रीनिवास. कापडी पिशवी काखेत, चेहऱ्यावर घाम. जिनिंगच्या गणपतीत भाषण करावं तर श्रीनिवासनंच. साधं पाणी मागतानाही हा माणूस दोन उपमा खर्च करायचा.

"कुठं होतात?" फौजदारांनी विचारलं.

"जाम गावाला. सकाळच्या बसनं गेलो, आत्ता उतरतोय. आग पाहण्याचं दुर्दैवही नशिबी नव्हतं."

"गोदामाच्या किल्ल्या?"

"पुढच्या दाराची साहेबांकडे. मागच्या, रस्त्याकडच्या दाराची माझ्याकडे."

"ती कोंडलेली बाई धूर दिसताच ओरडली म्हणतात."

"थापा!" श्रीनिवासचा आवाज चढला. "धूर काय लगेच वर चढतो? आधी सांडलेल्या दुधासारखा फरशीभर पसरतो, वर जायचं नावच घेत नाही. केवढा वेळ! तोवर ती काय करत होती?"

वाक्य झकास झालं होतं. त्याला स्वतःलाही ते आवडलेलं दिसलं.

पद्माबाई पुढे झाल्या. "श्रीनिवासराव, हा धूर तुम्ही कधी पाहिलात?"

"पाहायला कशाला हवा? कापसाचा धूर असाच असतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

"ओमप्रकाश, कोरडा कापूस कसा पेटतो?"

"भक्क करून, बाईजी. फुरसतच देत नाई."

"ऐकलंत, फौजदारसाहेब? होळी, रावण ही सगळ्यांच्या तोंडची उपमानं. घरबसल्याही सुचतात. ताजं उपमान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुचत नाही. जयवंता म्हणाली, धूर रांगत्या लेकरासारखा आला. हे म्हणतात, सांडलेल्या दुधासारखा. उपमानं दोन, पण उपमेय एकच: जमिनीला धरून राहिलेला पांढरा धूर. बाकी कोणी तो पाहिलाच नाही. जयवंता आरोळीपासून कोंडलेली आहे आणि माझ्याशिवाय कोणाशी बोललेली नाही. मग जामला असलेल्या माणसाला तो दिसला कुठून?"

"शब्दांचे खेळ!" श्रीनिवास हसला. हसू ओठांवरच राहिलं.

"मग शब्द राहू द्या. असा धूर ओल्या कापसाचा असतो. गोदामातला कापूस ओला कसा? त्या कोपऱ्यातल्या गंजीला ना आग लागली ना आज पाणी लागलं. तिच्यात हात घालून बघा."

फौजदारांनी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात खुपसला. वरचा कापूस कोरडा ठणठणीत होता. हात बाहेर आला तेव्हा बोटांना चिंब, गरम सरकी चिकटली होती.

बंडोपंतांनी ती सरकी स्वतःच्या बोटांत दाबून पाहिली.

"माल तुम्ही मागच्या दारानं चोरून बाहेर काढलात," पद्माबाई म्हणाल्या. "वजन भरावं म्हणून उरलेल्यावर पाणी मारलं. उद्याच्या तपासणीत कोणीतरी असाच हात घातला असता, म्हणून आज काडी लावली. पण स्वतःच मारलेल्या पाण्यानं कापूस पेट घेईना. भडकण्याआधी बराच वेळ नुसता धुमसत राहिला. तुम्ही आत उभे राहून बघत राहिलात, म्हणून तो धूर एवढा लक्षात राहिला. शेवटी पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला थोटूक टाकलंत आणि मागनं निघालात. बाहेर जयवंता बसलीय हे तुम्हाला आवाजावरून कळलंच असेल."

"ती... ती पोराशी बोलत होती," श्रीनिवास पुटपुटला आणि आपण काय बोललो ते कळताच मागे सरकला.

फौजदारांनी त्याचं मनगट धरलं.

काट्याच्या खोलीची कडी निघाली. जयवंता कोणाकडेही न बघता धावली, मनकर्णाबाईच्या खांद्यावरून पोर ओढून घेतलं आणि तिथंच मातीत पाठ फिरवून बसली. रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. अंगणातले बाप्ये खाली मान घालून उभे राहिले.

बंडोपंत घसा खाकरत जवळ आले. "झालं गेलं विसर, जयवंता. गैरसमज झाला. उद्या कामावर ये."

"येईन जी. पोटासाठी याच लागते," ती मान न वळवता म्हणाली. "पर साहेब, मायं लेकरू तिकडं रडून राह्यलं होतं, ते तुमाले आयकू येत होतं का नाई?"

फाटक उघडायला म्हणून बंडोपंत स्वतःच तिकडे चालू लागले.