स्केल्थ

कोशातले शब्द चोरणाऱ्यांना पकडायचं, तर आपणच एक खोटा शब्द पेरून ठेवायचा, ही आमच्या कार्यालयातली जुनी रीत. दुसऱ्याच्या कोशात तो उगवला की चोरी उघड. यंदा इंग्रजी-मराठी कोशासाठी हे काम माझ्याकडे आलं. चहा निवायच्या आत मी शब्द पाडला: स्केल्थ. अर्थ, 'घरातील अशी खोली, जिथून दिलेली ओ घरच्यांना ऐकू जात नाही.' व्युत्पत्तीही ठोकून दिली, 'गिळणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूपासून.'

"आणि बाहेर यायचं कसं?" शेजारच्या टेबलावरच्या मुद्रितशोधक काकांनी विचारलं.

"चोराला काय करायचंय बाहेर येऊन?" मी म्हटलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

कोश छापून आला. रविवारी सकाळी मी मोठी बॅग शोधत होते.

"स्केल्थमध्ये टाकलीय," नवरा दाढी करता करता म्हणाला. त्याने आजवर माझा एकही कोश उघडलेला नाही.

"तुला कुठून कळला हा शब्द?"

"कुठला शब्द?"

लेक चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाही आवडत तिथे."

दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत, असं मी धरून चालले. सोमवारी काकांना हसत हसत सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"स्केल्थ खराच शब्द आहे, बाई. आमच्या जुन्या घरात होती एक. लहानपणी आईला हाका मारून मारून मी थकलो होतो. खोटा शब्द तुम्ही दुसराच दिला होतात."

कुठला, ते त्यांना आठवेना. मी तशीच घरी निघाले.

स्वयंपाकघरातल्या ज्या भिंतीला टेकून मी रोज चहा पिते, तिथे दार होतं. उघडं. आत लेकीची एक चप्पल पडली होती. मी विचार केला नाही, आत धावले.

आत फक्त ती चप्पल आणि बॅग होती. वळले, तर मागे भिंत.

"आई?" लेक बाहेर होती.

"ओ!" मी म्हटलं. मग ओरडले. मग भिंतीवर मुठी आपटल्या.

"आली नाही अजून," नवऱ्याचा आवाज. "हात धू, जेवून घे."

ती रोज हाक मारायची. मग कधीमधी. तिचा आवाज आता मोठ्या बाईसारखा झालाय.

अलीकडे ती हाक मारत नाही. मी कान देऊन बसते.

काल बॅगेच्या पलीकडून, अंधारातून, एक म्हातारी बाई दमल्या आवाजात म्हणाली, "ओ. आले हं, बाळा."