शिक्राच्या पंखांवरच्या फटी

नव्याकोऱ्या विमानाला फटी कशाला? शाल्मलीला हे कोडं काही केल्या सुटेना. 'शिक्रा' म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणारं प्रायोगिक विमान, आणि त्याच्या पंखांवरच्या पत्र्यांमध्ये चक्क नख जाईल एवढ्या फटी! आज ते पहिल्यांदाच पूर्ण वेगाने उडणार होतं. उडवणार होती तिची सख्खी हेमामावशी.

"गडबडीत राहिलं असेल. नीटू, बुजव त्या," तिने हँगरमधल्या यंत्रमानवाला फर्मावलं. नीटूला भेग म्हणून बघवत नसे. त्याने झटपट सुकणारी पुट्टी भरून अख्खा डावा पंख गुळगुळीत केला.

मावशी हेल्मेट घेऊन आली, तेव्हा शाल्मली बाईसाहेब ऐटीत उभ्या होत्या.

"मावशी, एवढ्या वर गारठायला होत असेल ना?"

"गारठायला? अगं, विमान भाजून निघतं! सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना? दाबली की हवा तापते. शिक्राच्या पुढची हवा तर इतक्या झटक्यात दाबली जाते, की तिच्यामुळे पत्रेही तापतात आणि त्यांचं प्रसरण होतं (म्हणजे तापल्यावर ते किंचित वाढतात). उडताना शिक्रा चांगला वीतभर लांब होतो!"

"आणि पत्र्यांना वाढायला जागाच नसली तर?"

"तर ते एकमेकांना रेटून वाकतील. पंख गेलाच कामातून! म्हणून तर फटी ठेवल्यात. वर गेलं की आपोआप मिटतात."

शाल्मलीने गुळगुळीत झालेल्या पंखाकडे पाहिलं. सांगितलं तर उड्डाण लांबणार, मावशी रागावणार. पण न सांगितलं तर? तिने मावशीची बाही गच्च धरली.

"जाऊ नकोस! मी फटी बुजवल्यात!"

मावशीने पंखावरून हात फिरवला आणि हेल्मेट खाली ठेवलं.

"ओरडू की पाठ थोपटू, तेच कळेना," ती म्हणाली. "चल, खरवडायला घे. नीटू, तूसुद्धा!"

सगळ्यांनी मिळून पुट्टी काढली, तंत्रज्ञांनी फट न् फट तपासली आणि दुपारी शिक्रा झेपावला. तो परत दिसेपर्यंत शाल्मलीच्या जिवात जीव नव्हता. मावशी उतरताच तिने मिठी मारली, आधी रडली, मग हसली. उभ्या शिक्राची धग दुरूनही जाणवत होती.

"मावशी, याच्या दुप्पट वेगाने जायचं तर किती फट ठेवायची?"

"ते अजून मलाही सुटलेलं नाही," मावशी हसली. "चल, चहा पिता पिता दोघी गणित मांडून बघू."