पन्नासपर्यंत मोज

ही घटना रचलेली नाही. लोव्हिना पेकनं ती मरणाच्या आदल्या हिवाळ्यात सांगितली, पूर्ण शुद्धीवर असताना. आणि तिला ओळखणारं कुणीही सांगेल, ती बाई गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलत नसे.

मंगळवार, २८ फेब्रुवारी १८७१. व्हरमाँटमधलं हार्लो मिल्स गाव. दुपारचे तीन.

लोव्हिना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचे वडील ऑरिन पेक गावातले एकमेव दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना. तिची आई थर्झा पेशंटचं डोकं धरून उभी राहायची, त्यांच्याशी बोलत राहायची. लाकूड गिरणीतले दांडगे मजूर म्हणायचे, दात डॉक्टर काढतात, पण भीती बाई काढते.

त्या दिवशी मात्र खुर्चीत थर्झाच होती.

चार दिवस दाढ ठणकत होती. गाल सुजून डोळा मिटला होता. जन्मभर दुसऱ्यांना धीर देणारी ही बाई स्वतः मात्र घाबरली होती. म्हणून ऑरिननं क्लोरोफॉर्म द्यायचं ठरवलं. शेकडो लोकांना दिलं होतं त्यांनी.

लोव्हिना स्वयंपाकघरात पाव भाजत होती. मधलं दार अर्धवट उघडं होतं. तिला सगळं ऐकू येत होतं.

"पन्नासपर्यंत मोज," बाबा म्हणाले. "पन्नास म्हणालीस की उठवतो तुला."

"आणि एकावन्न म्हटलं तर?"

"तर शेजारची दाढपण काढतो."

आई हसली. मग मोजायला लागली. एक... दोन... तीन...

सतरा.

पुढे काहीच नाही.

थोड्या वेळानं बाबा आईला हाका मारायला लागले. आधी हळू. मग मोठ्यानं. मग तेही थांबलं.

व्हरमाँटच्या थंडीत जमीन दगडासारखी गोठते. थडगं खणता येत नाही. थर्झाची शवपेटी गावाबाहेरच्या दगडी कोठीत ठेवली. बर्फ वितळेपर्यंत ती तिथंच राहणार होती.

पेशंट यायचे बंद झाले. कुणी वाईट बोललं नाही. फक्त कुणी आलं नाही.

बरोबर एक आठवड्यानं, दुपारी तीन वाजता, लोव्हिना भांडी घासत होती.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला...

एक... दोन... तीन...

आईचा आवाज.

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आवाज सतरापर्यंत गेला आणि थांबला. ती धावत गेली. खुर्ची रिकामी होती. शेजारच्या स्टुलावर बाबा बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं.

"ऐकलंस ना तू पण?" त्यांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, पुन्हा.

त्या दिवशी आवाज अठरापर्यंत गेला.

मग एकोणीस. मग वीस.

रोज एक आकडा जास्त.

बाबांनी कॅलेंडरवर हिशेब केला. पन्नास येत होता ९ एप्रिलला. ईस्टरचा रविवार. त्या दिवसापासून ते जेवायला लागले, दाढी करायला लागले. आईचा निळा झगा त्यांनी स्वतः इस्त्री केला.

लोव्हिनाला कळत होतं की हे बरं नाही. तरी तीही मनात मोजत होती. आई हवी होती तिला. दुसरं काय?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थडगी खणणारा हॉइट दारात आला. टोपी हातात धरून म्हणाला, जमीन मऊ झाली आहे, शनिवारी उरकून टाकू.

"सोमवारपर्यंत थांब," बाबा म्हणाले.

"डॉक्टर, आता थंडी नाही राहिली. फार दिवस ठेवणं बरं नव्हे."

"सोमवारपर्यंत."

हॉइटनं लोव्हिनाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

रविवार आला. दोघंही चर्चला गेले नाहीत. बाबांनी शेगडीवर सूप गरम ठेवलं. झगा खुर्चीच्या पाठीवर टाकला. लोव्हिना दारात उभी राहिली.

तीन वाजले.

एक... दोन... तीन...

इतक्या जवळून आवाज कधीच आला नव्हता. मधूनमधून श्वास घेतलेलाही ऐकू येत होता.

सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास...

थांबला.

बाबा पुढे झुकले. "म्हण, थर्झा. एकच राहिला."



मग आवाज पुन्हा सुरू झाला.

एक... दोन...

पण तो आईचा नव्हता.

तो लोव्हिनाचा होता.

लोव्हिनानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. ओठ घट्ट मिटलेले होते. आवाज खुर्चीतून येत होता. तीन... चार... आणि थांबला.

"सावकाश मोज, बाळ," बाबा खुर्चीला म्हणाले. "घाबरू नकोस."

"बाबा, मी इथे आहे. दारात."

त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. हळूच विचारलं, "मग खुर्चीत कोण आहे?"

सोमवारी थर्झाला पुरलं. मंगळवारी लोव्हिना कीन गावी मावशीकडे निघून गेली. बाबांनी तिला थांबवलं नाही. घरात मुलगी होतीच त्यांच्या लेखी.

दर आठवड्याला पत्र यायचं. एकाच ओळीचं. आज अकरा. आज अठरा. आज पंचवीस.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी शेवटचं पत्र आलं.

"गुरुवारी पन्नास. यावेळी उठवतोच."

दुपारच्या गाडीनं ती वेळेत पोहोचू शकली असती. तिनं शाल घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तीन वाजता मावशीच्या स्वयंपाकघरात टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली.

काहीच झालं नाही.

संध्याकाळी तार आली. बाबा गेले होते.

ते स्टुलावर बसलेल्या अवस्थेत सापडले. एक हात पुढे केलेला, कुणाला आधार देऊन उठवावं तसा. अंगावर कसलीही खूण नाही. क्लोरोफॉर्मच्या बाटलीचं बूच निघालेलंच नव्हतं.

समोर राहणाऱ्या मिसेस गुडनाउ अंत्यविधीला लोव्हिनाशी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी लोव्हिनानंच विचारलं, माझं काही चुकलं का?

"बाप मरून पडला होता आतमध्ये," त्या म्हणाल्या, "आणि तू पायऱ्या उतरून सरळ निघून गेलीस. मी हाक मारली. तू आईचा निळा झगा घातला होतास."

झगा घरात कुठेच सापडला नाही.

त्यानंतर लोव्हिना साठ वर्षं जगली. तिनं लग्न केलं नाही. गावं बदलली, तीन वेळा. प्रत्येक गावात, वर्षा-दोन वर्षांनी, कुणीतरी सहज म्हणायचं, काल दिसला होतात नदीपाशी, बोलला नाहीत.

ती कधीच म्हणायची नाही की ती मी नव्हते.

ती फक्त विचारायची, "कुठल्या दिशेनं चालली होती?"

आणि दर खेपेला उत्तर एकच यायचं.

तुमच्याच घराकडे.