अनवाणी पायांवरचा वाद

टिंग!

मोरोलाकेने मेसेज पाठवला आणि त्याच क्षणी शेजारच्या फळीवरचा एक फोन वाजला.

योगायोग असेल, तिने स्वतःची समजूत घातली. इबादानच्या मोकोला भागात सहा दिवस वीज नव्हती. अख्ख्या वस्तीचे फोन बाबा लातीफूच्या जनरेटरवर चालणाऱ्या चार्जिंगच्या दुकानात ओळीने निजले होते, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. चाळीस फोनांत एखादा वाजणारच की! तरी खात्री केलेली बरी म्हणून तिने आणखी एक ओळ लिहिली, पाठवली...

टिंग!

आता मात्र योगायोग म्हणता येईना. धर्मावर वाद घालणाऱ्या त्या ऑनलाइन गटात ती ‘डेबोरा’ होती आणि चार महिने तिच्याशी हुज्जत घालणारा ‘बिन इबादान’ इथे, हातभर अंतरावर होता!

एका उंच तरुणाने तो फोन उचलला. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याने आणलेल्या धुळीने त्याच्या भुवयासुद्धा पांढरट झाल्या होत्या. त्याने वाचलं आणि तो मोठ्याने हसला.

“इतकं काय आहे त्यात?” मोरोलाकेने अगदी साळसूदपणे विचारलं.

“एक बाई आहे. रोज माझी खरडपट्टी काढते. आजचं ऐका... ‘बिन इबादान, तुझ्या म्हणण्याला बटणं भरपूर आहेत, काज एकही नाही.’ शिंपीण असावी बहुतेक!”

मोरोलाकेने गळ्यातली मोजपट्टी हळूच काढून पिशवीत कोंबली.

“असले वाद म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा,” ती म्हणाली. “देव काय तुमच्या कमेंटा वाचत बसलाय?”

“तो नसेल वाचत. पण ती वाचते ना!” तो म्हणाला. “मी फ्रीज दुरुस्त करतो. वीज नाही, म्हणजे आमची सुट्टीच. बरं, तुम्हीच सांगा, हिला काय उत्तर देऊ?”

त्याने जे उत्तर लिहायला घेतलं होतं ते इतकं मिळमिळीत होतं, की मोरोलाकेला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढा नेमका मुद्दा मांडायचा आणि त्यावर हे उत्तर?

“असं नाही हो! आणा इकडे.” तिने फोन हिसकावून घेतला. “तिची खरी खोट इथे आहे. इथे बोट ठेवा, म्हणजे गप्प बसेल.”

आणि डेबोराविरुद्धचं आजवरचं सगळ्यात झणझणीत उत्तर डेबोरानेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई यंत्रावर बसल्याबसल्या तिने त्या उत्तराचा समाचार घेतला. दुपारी दुकानासमोरच्या बाकावर बसून, त्याच्या फोनवरून त्या समाचाराचा समाचार घेतला! गटातले लोक थक्क झाले. दोघांनाही एकदम एवढं शहाणपण आलं कुठून? वीज तीनदा येऊन गेली, पण मोरोलाकेचा फोन घरी काही चार्ज होईना. मुदाशीरू – हे त्याचं नाव – भाजलेले शेंगदाणे आणायचा, सोलून निम्मे तिच्या ओंजळीत घालायचा. कोरड्या वाऱ्याने तिचे ओठ फुटले, तेव्हा त्याने शिया लोण्याची छोटी डबी पुढे केली आणि तो उगाचच समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग एका मंगळवारी डेबोराचा तोल सुटला. गटात कुणीतरी तिला डिवचलं आणि ती लिहून गेली, “पांढरे झगे घालून अनवाणी हिंडल्याने कुणी पवित्र होत नाही. फक्त पाय मळतात.” त्या झगेवाल्या ख्रिस्ती पंथाची टिंगल तिच्या चर्चमध्ये रोजच चालायची. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवसापासून बिन इबादान गप्प झाला. बाकावरही तो शेंगदाणे सोलायचा, पण हसायचा नाही.

“काय झालं रे?”

“काही नाही.” मग मांडीवरची टरफलं झटकत तो म्हणाला, “रविवारी घरी येशील... आईला भेटायला?”

आईला भेटायला! मोरोलाकेच्या कानात जनरेटरपेक्षा मोठी धडधड सुरू झाली. या गावात मुलगा सहज म्हणून कुणाला आईकडे नेत नाही.

रविवारी ती चर्चमधून तडक घरी आली आणि कपडे बदलले. मुसलमानाच्या घरी जायचं, म्हणून मनगटापर्यंत बाह्या, केस पूर्ण झाकणारा रुमाल, हातात खजुराचा डबा. वाटेत तिने ‘अस्सलाम आलेकुम’ इतक्यांदा घोकलं, की टॅक्सीवाल्याने तिला दोनदा ‘वालेकुम अस्सलाम’ म्हटलं.

दार उघडलं.

“हालेलुया! ये गं बाळा!”

समोर मुदाशीरूची आई उभी होती. पायघोळ पांढरा झगा, नुकतीच प्रार्थनेहून आलेली... आणि अनवाणी. तळव्यांना लाल माती लागलेली.

मुलाच्या मुसलमानी नावावरून अख्ख्या घराचा धर्म ठरवायचा! तिच्या मामेभावाच्या घरात निम्मे लोक ईद करतात आणि निम्मे नाताळ, तरी तिला हे सुचलं नव्हतं. मोरोलाकेने रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला. रीतीप्रमाणे लगेच उठायचं असतं. तिला उठताच येईना.

गप्प राहिलं तर सगळंच तिचं होतं. ही प्रेमळ बाई, तिच्यामागे घाबराघुबरा उभा असलेला तो उंच मुलगा, हे घर... एक शब्द बोलली नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण मग जन्मभर या पायांकडे बघायचं कसं?

“आई, त्या ऑनलाइन गटातली डेबोरा मीच,” तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “पाय मळतात म्हणणारी. मला तुमच्या घरात यायचं तोंड नाही. पण... मुदाशीरू मला फार आवडतो, म्हणून खोटं बोलून आत येववत नाही.”

“मला ठाऊक होतं,” मुदाशीरू पुटपुटला. “पहिल्याच आठवड्यात कळलं. माझा फोन तुझ्या हातात असेपर्यंत डेबोरा कधी उत्तर द्यायचीच नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस. मला उत्तर देणारं आहे कोण? या घरात आई चर्चला जाते, बाबा मशिदीत. लग्नात ठरलं, घरात धर्माचा विषय काढायचा नाही. तीस वर्षं काढलेला नाही. लहानपणापासून मनात आलेला प्रत्येक प्रश्न मी गिळलाय. लोक त्या गटाला कचरा म्हणतात, असेल. पण मी तिथे विचारलं आणि तू उत्तर दिलंस. शिव्या देत का होईना!”

आई पुढे आली. तिने मोरोलाकेचा दंड धरून तिला उभं केलं.

“दुखलं मला,” ती सरळ म्हणाली. “याच्या फोनवर वाचलं तेव्हा दुखलं. पण तू तोंडावर सांगितलंस. आता उत्तरही तोंडावर घे. देवाने मोशेला काय सांगितलं? जोडे काढ! म्हणून आम्ही अनवाणी. कळलं?”

“कळलं, आई,” मोरोलाकेने डोळे पुसले. इथे थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड ती! “पण... ती जागा पवित्र होती म्हणून सांगितलं ना? मासळीबाजारातून येताना कुठे सांगितलं होतं?”

मुदाशीरूने कपाळावर हात मारला.

आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला. टोपी सारखी करत म्हातारे वडील दारात आले.

“मुलगी बरोबर बोलते,” ते म्हणाले. “आमच्याही ग्रंथात मूसाला, म्हणजे तुमच्या मोशेला, जोडे त्या दरीतच काढायला सांगितलेत. सगळ्या गावभर नाही.”

“मुदाशीरूचे बाबा!” आई गर्रकन वळली. “तीस वर्षं हे पोटात ठेवलंत?”

“तू कधी विचारलंस?”

“मग आज विचारते! बसा इथे!” आईने खुर्ची ओढली. तिचे डोळे लग्नाच्या नवरीसारखे चमकत होते. “आणि तुमचं ते पाच वेळा पाय धुणं... त्याचं आधी सांगा!”

दोघांचे आवाज चढले. मग दोघंही एकदम हसले, पुन्हा चढले. मुदाशीरू हळूच मोरोलाकेजवळ सरकला.

“लग्न करशील माझ्याशी?”

“इथे? आत्ता? यांचं भांडण तर संपू दे!”

“हे आता तीस वर्षं संपायचं नाही.”

तिने आईबाबांकडे पाहिलं. मग वाकून स्वतःच्या चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या.

“मग... हो,” ती म्हणाली, “पण मुद्दा माझाच बरोबर आहे. जोडे पवित्र जागीच काढतात.”