दोन हिरवे मुखवटे, एक ताट

शेवटी मी जोनाथनला ‘हो’ म्हणाले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतेय. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तर, गुरुवारची संध्याकाळ. ब्रिस्टल. बाहेर बारीक पाऊस, आत मेक्सिको. हॉस्पिटलमधल्या आमच्या फिजिओ टीमने मला निरोप द्यायला असं रेस्टॉरंट निवडलं होतं, जिथे दारातच प्रत्येकाला मेक्सिकन पैलवानाचा मुखवटा घालतात आणि मधोमध खरीखुरी कुस्तीची रिंग आहे. डेझर्ट येईपर्यंत मुखवटा काढायचा नाही. ऑर्डरही टेबलाच्या नंबरावर नाही, मुखवट्याच्या रंगावर लिहितात. माझा हिरवा.

सोमवारपासून मी नॉटिंगहॅमला. तिथल्या हॉस्पिटलमध्ये पर्मनंट जॉब. त्यामुळे ब्रिस्टलमध्ये आता नवीन काहीही सुरू करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पाणीसुद्धा मी बाटली न उघडता नळाचंच मागवलं.

आणि लॅम्ब टाको… चीज नको, क्रीम नको. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. मटण कुठल्या खाटकाकडचं हे आमच्या घरात कुणी फार विचारत नाही. पण मटणाला दुधाचा थेंब लागला, तर आईला लंडनमध्ये बसल्या जागी कळतं.

वेट्रेस क्लोई ताट घेऊन आली आणि माझ्या नि शेजारच्या टेबलाच्या मधोमध थांबली. तिथेही एक हिरवा मुखवटा होता. त्यानेही लॅम्ब, चीज नको, क्रीम नको सांगितलेलं. किचनला वाटलं, एकच माणूस दोनदा सांगतोय. मेक्सिकन जेवणातून चीज वजा करणारी दोन माणसं एकाच संध्याकाळी येतील, हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं. त्यांनी एकच ताट केलं.

“चीज काढायला सांगितलं, तर ह्यांनी माझा प्लेटच काढला,” हिरवा मुखवटा स्वतःशी पुटपुटला. मराठीत.

व्याकरण चुकलं होतं. आवाज मात्र… बरोबर होता.

क्लोईने नियम सांगितला. तक्रारी इथे कागदावर घेत नाहीत, रिंगमध्ये सोडवतात. अंगठ्यांची कुस्ती. समोरच्याचा अंगठा तीन मोजेपर्यंत दाबून धरला, की ताट तुमचं.

आम्ही रिंगमध्ये चढलो. बोटांत बोटं अडकवली. घंटा वाजली.

“आडनाव?” मी विचारलं. आमच्यात हे हवामानाच्याही आधी विचारतात. समाज एवढासा, की आवडलेला मुलगा भाऊ निघण्याचा धोका कायम.

“वाक्रुळकर. जोनाथन. तू?”

“शानी दिवेकर.”

त्याचा अंगठा दचकला. “माझ्या मावशीचं सासर दिवेकर…”

लढत चालू असतानाच त्याने डाव्या हाताने लंडनच्या सिमामावशीला मेसेज केला. तेवढ्या दोन मिनिटांत, ज्याचा चेहरासुद्धा पाहिला नाही अशा माणसासाठी, मी देवाला नवस बोलले. उत्तर आलं: आपल्या नात्यातली नाही, ते दिवेकर वेगळे. मुलीला मलिदा येतो का?

मलिदा म्हणजे आमचे नवस फेडायचे गोड पोहे.

“येतो?” त्याने विचारलं.

“खाता येतो.”

लढत अकरा मिनिटं चालली. खरं तर मी ती चार सेकंदांत जिंकले असते. लोकांचे अंगठे वाकवणं हा माझा व्यवसाय आहे. टाको गार झाले. पंच म्हणून उभी असलेली क्लोई जांभया देऊ लागली.

“तू दाबत का नाहीस?” मी विचारलं.

“दाबला तर हात सोडावा लागेल ना…”

आता मात्र सांगायलाच हवं होतं. “जोनाथन, मी सोमवारी नॉटिंगहॅमला जातेय. कायमची.”

त्याचा अंगठा एकदम लुळा पडला. माझा आपोआप त्याच्यावर. सगळं रेस्टॉरंट मोजू लागलं. एक… दोन…

मी अंगठा उचलला.

“दर रविवारी मी आलो तर?” तो हळूच म्हणाला.

“बर्मिंगहॅमला ट्रेन बदलावी लागते.”

“बदलीन. तू फक्त हो म्हण.”

त्यावर मी काय म्हणाले, ते तुम्ही वाचलेलं नाही.

क्लोईने सामना बरोबरीत सोडवला आणि आम्हाला डेझर्ट दिलं. मुखवटे निघाले. त्याच्या नाकावर शिवणीचा लांब वळ उमटला होता. तेवढा सोडला, तर तो बराच देखणा होता. माझ्याही नाकावर तसाच वळ होता, हे त्याने बोट लावून दाखवलं… आणि बोट लगेच काढलं नाही.

मग एका पेपर नॅपकिनवर आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला:

प्रति,
मेहेरबान सिटी कौन्सिल, नॉटिंगहॅम.
विषय: शहर हलवण्याबाबत.
महोदय, आपले शहर ब्रिस्टलपासून ट्रेनने सुमारे तीन तासांच्या अंतरावर असून ते अर्जदारांस गैरसोयीचे आहे. तरी सदर शहर, हॉस्पिटलसह, येत्या रविवारपूर्वी ब्रिस्टल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणून ठेवावे, ही नम्र विनंती. ते शक्य नसल्यास आठवड्यातून किमान दोन रविवार मंजूर करावेत.